पुठ्ठ्याच्या आडोशामागे

निवडणुकीचं काम कधीच न केलेला शिक्षक आपल्याकडे विरळाच. आदल्या दिवशी तालुक्याच्या गावी जाऊन साहित्य मोजून घ्यायचं, रात्री केंद्रावरच पथारी टाकायची, पहाटे उठून बाकं सरकवायची आणि कोपऱ्यात पुठ्ठ्याचा आडोसा उभा करायचा. मग उमेदवारांच्या प्रतिनिधींना यंत्र कोरं असल्याचं दाखवायचं, त्यांच्यासमोर निदान ५० मतांची चाचणी घ्यायची, ती पुसायची, सील लावायचं, सह्या घ्यायच्या. दिवसभर बोटांना शाई लावायची आणि संध्याकाळी नमुने भरत बसायचं. मार्गदर्शक पुस्तिकेत लिहिलेलं असतं म्हणून हे सगळं आपण करतो. दमलेल्या माणसाला त्यातलं निम्मं तरी कर्मकांड वाटतं.

पण या प्रत्येक गोष्टीला इतिहास आहे. कुणीतरी कधीतरी केलेल्या लबाडीला दिलेलं ते उत्तर आहे. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ‘मतदान गुप्त पद्धतीने होते’ एवढं एकच वाक्य असतं. ते वाक्य खरं व्हायला अनेक देशांत मिळून शंभरेक वर्षं लागली. त्या शंभर वर्षांची गोष्ट पाहिली, तर एका मोठ्या प्रश्नाकडेही नीट पाहता येतं: सामान्य माणसांनी चालवलेली संस्था विश्वासार्ह कशी होते?

उघड्या मैदानातलं मत

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या इंग्लंडमध्ये मत देणं ही जाहीर गोष्ट होती. गावातल्या मैदानात लाकडी मंच उभारलेला असे. मतदाराने पुढे यायचं, आपलं नाव सांगायचं आणि कुणाला मत देणार तेही मोठ्याने सांगायचं. कारकून ते वहीत लिहून घेई. पुष्कळ ठिकाणी या वह्या नंतर छापून विकल्या जात. त्यामुळे कोणत्या चांभाराने, कोणत्या खाटकाने कुणाला मत दिलं हे कुणालाही पाहता येई.

मतदानाचा अधिकार तेव्हा ठरावीक मालमत्ता असलेल्या पुरुषांपुरताच होता. पण त्यांतलेही अनेकजण कुणाच्या ना कुणाच्या मुठीत असत. कसणाऱ्याला जमीनदाराची भीती. त्याच्या मर्जीविरुद्ध मत दिलं, तर पुढच्या हंगामात जमीन हातात राहीलच असं नाही. दुकानदाराला मोठं गिऱ्हाईक तुटण्याची भीती. शिवाय लाच होतीच. दर तासाला मतांची बेरीज सगळ्यांना कळत असल्यामुळे चुरशीच्या लढतीत शेवटी-शेवटी मताचा भाव चढत जाई. काही शहाणे मतदार म्हणूनच दुपारपर्यंत मत द्यायला येतच नसत.

लाच देणं कायद्याने गुन्हा होता. सडबरी आणि सेंट ऑल्बन्स या दोन गावांत लाचखोरी इतकी बोकाळली, की त्यांचं संसदेतलं प्रतिनिधित्वच अनुक्रमे १८४४ आणि १८५२ मध्ये काढून घेण्यात आलं. १८५४ मध्ये लाच रोखण्यासाठी नवा कायदा झाला. तरी व्यवहार चालूच राहिले, कारण देणारा आणि घेणारा दोघेही खूष. तक्रार करणार कोण?

मिलचा आक्षेप

गुप्त मतदानाची मागणी नवी नव्हती. जॉर्ज ग्रोट या इतिहासकाराने १८३३ पासून काही वर्षं ब्रिटिश संसदेत तिचा पाठपुरावा केला. १८३८ मध्ये कामगारांच्या चळवळीने जी सहा कलमी सनद मांडली, तिच्यातही ही मागणी होती. ती फेटाळणारे सगळे जमीनदार होते असं मात्र नाही. त्यांच्यात जॉन स्टुअर्ट मिलसारखा विचारवंतही होता. स्वातंत्र्याचा आणि स्त्रियांच्या हक्कांचा हा कैवारी तरुणपणी गुप्त मतदानाच्या बाजूचा होता, पण पुढे त्याने मत बदललं.

त्याचा युक्तिवाद समजून घेण्यासारखा आहे. मत ही मतदाराची खासगी मालमत्ता नाही, समाजाने त्याच्याकडे विश्वासाने सोपवलेली ती ठेव आहे, असं तो म्हणे. ज्यांना मताधिकार नाही अशा स्त्रिया आणि गरीब यांचंही भलंबुरं त्या मतावर ठरतं. मग ते मत सगळ्यांच्या देखत का देऊ नये? माणूस आडोशाला गेला की स्वार्थ पाहील, चारचौघांत असला की लाजेकाजेने तरी सार्वजनिक हित पाहील.

आमदार-खासदारांनी सभागृहात उघड मतदान करावं असं आपण म्हणतो, तेव्हा हाच युक्तिवाद वापरतो. आणि तिथे तो बरोबरही आहे. प्रतिनिधी आपल्याला उत्तरदायी असतो, त्यामुळे त्याने काय केलं हे आपल्याला कळायलाच हवं. मतदाराचं तसं नाही. मत उघड केलं, तर तो ‘समाजाला’ उत्तरदायी होत नाही. ज्याच्या हातात त्याची भाकरी आहे, त्याला तो उत्तरदायी होतो. मिलच्या तर्कातली मेख इथे होती. तर्क चुकीचा नव्हता, पण गावात सत्ता कुणाच्या हाती आहे याचा हिशेब त्यात कमी पडला.

व्हिक्टोरियाचा तोडगा

हा वाद इंग्लंडमध्ये रेंगाळत असताना उत्तर सापडलं ते ऑस्ट्रेलियात. व्हिक्टोरिया वसाहतीत सोनं सापडल्यामुळे जगभरातून माणसं लोटली होती. १८५४ च्या डिसेंबरमध्ये बॅलरॅट इथे खाणकामगारांनी सरकारविरुद्ध उठाव केला. त्यांच्या मागण्यांत मताधिकार होता. वसाहतीला नवी राज्यघटना मिळाली, आणि पहिल्या निवडणुकीआधी विल्यम निकल्सन यांनी गुप्त मतदानाचा ठराव मंजूर करून घेतला. कायद्याची कलमं हेन्री चॅपमन या वकिलाने बेतली. १८५६ च्या मार्चमध्ये हा कायदा झाला आणि पाठोपाठ एप्रिलमध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाने तसाच कायदा केला.

चिठ्ठी पेटीत टाकून मत देणं त्याआधीही अनेक देशांत होतं. पण ती चिठ्ठी मतदार घरून आणी, किंवा पक्षाचा माणूस त्याच्या हातात देई. अमेरिकेत तर पक्ष आपापल्या उमेदवारांच्या याद्या छापत, त्याही निरनिराळ्या रंगांच्या. मतदाराच्या हातातला कागद कोणता हे रस्त्यापलीकडून दिसे. पेटी बंद असली तरी मत उघडंच होतं.

व्हिक्टोरियाच्या पद्धतीत चार गोष्टी एकत्र आल्या. मतपत्रिका सरकारने छापायची. तिच्यावर सगळ्या उमेदवारांची नावं असायची. ती फक्त मतदान केंद्रात, मतदाराची ओळख पटल्यावरच मिळायची. आणि ती एकट्याने, आडोशाला जाऊन भरायची. यातली एकही गोष्ट काढली तर बाकीच्या तीन निकामी होतात. सुरुवातीला मतदाराने नको असलेल्या उमेदवारांची नावं खोडायची होती. दक्षिण ऑस्ट्रेलियातले निवडणूक अधिकारी विल्यम बूथबी यांनी १८५८ मध्ये नावासमोर चौकट आणि चौकटीत फुली अशी सोपी रीत आणली.

या तोडग्यामागचा विचार असा: लाच देणारा कितीही लबाड असला, तरी तो व्यवहारी असतो. दिलेल्या पैशाचा माल मिळाला की नाही हे त्याला पाहायचं असतं. ते पाहण्याची सोयच काढून टाकली, तर तो पैसे का देईल? म्हणजे मतदाराने प्रामाणिक व्हावं असा उपदेश इथे नाही. त्याने पैसे घेऊन भलत्यालाच मत दिलं तरी कुणाला कळणार नाही, एवढीच व्यवस्था आहे.

ती किती उपयोगी पडली?

ब्रिटनने १८७२ च्या जुलैमध्ये हा कायदा स्वीकारला. १५ ऑगस्ट १८७२ रोजी पॉन्टफ्रॅक्ट या गावी पोटनिवडणूक झाली, तीच तिथली पहिली गुप्त मतदानाची संसदीय निवडणूक. पॉन्टफ्रॅक्ट हे ज्येष्ठमधाच्या वड्यांसाठी प्रसिद्ध. मतपेटीच्या लाखेवर तिथल्या वड्यांच्या कारखान्यातला शिक्का उमटवला होता. ती पेटी तिथल्या संग्रहालयात जपून ठेवलेली आहे.

पण लाच एका दिवसात थांबली नाही. १८८० च्या निवडणुकीतही पैसा वाहिला. मग १८८३ मध्ये उमेदवाराच्या खर्चावर मर्यादा घालणारा, हिशेब सादर करायला लावणारा कायदा झाला. या दोन्हींचा मिळून परिणाम दिसला. एकट्या आडोशाने भागलं नाही.

अमेरिकेतली हकिगत अधिक सावध करणारी आहे. १८८८ मध्ये मॅसॅच्युसेट्सने ऑस्ट्रेलियन पद्धत स्वीकारली आणि पुढच्या चार-पाच वर्षांत बहुतेक राज्यांनी तिचं अनुकरण केलं. रंगीत याद्या गेल्या. पण छापील नावं वाचता न येणारा मतदार आता अडला. दक्षिणेकडच्या काही राज्यांत तर हेच हवं होतं. गुलामगिरीतून सुटलेल्या, शाळेचं तोंडही न पाहिलेल्या काळ्या मतदारांना बाहेर ठेवण्यासाठी या पद्धतीचा उपयोग करण्यात आला. एकाच आराखड्याने एका ठिकाणी गरिबाला संरक्षण दिलं आणि दुसऱ्या ठिकाणी त्यालाच दारातून परत पाठवलं.

गुप्ततेचा परिणाम मोजून दाखवणारं एक उदाहरण दक्षिण अमेरिकेतल्या चिले देशाचं आहे. तिथे १९५८ पर्यंत मतपत्रिका पक्षच छापत आणि वाटत. मोठे जमीनदार आपल्या कुळांना मतदानाला नेत आणि त्यांची मतं उजव्या पक्षांना मिळत. १९५८ मध्ये सरकारी मतपत्रिका आली. बालांड आणि रॉबिन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं, की जिथे अशी कुळं जास्त होती तिथे उजव्या पक्षांची मतं सुधारणेनंतर ठळकपणे घटली. त्याहून मौजेची गोष्ट म्हणजे अशा भागांत जमिनीची किंमतही उतरली. जमिनीबरोबर कुळांची मतंही हाती येत होती, आणि त्या मतांचं मोल जमिनीच्या भावात धरलेलं होतं!

सतरा कोटी मतदार आणि एक शिक्का

आता आपल्या देशाकडे येऊ. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे १७ कोटी ३० लाख मतदार होते. १९५१ च्या जनगणनेप्रमाणे साक्षरता जेमतेम १८ टक्के होती. अमेरिकेत जी अडचण निरक्षर मतदाराच्या मुळावर आली, ती इथे बहुसंख्यांची होती. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन हे गणिताचे अभ्यासक. त्यांच्यासमोरचा प्रश्न असा: वाचता न येणाऱ्याला कुणाच्याही मदतीशिवाय, एकट्याने मत कसं देता येईल?

उत्तर होतं चिन्ह. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पोलादी पेटी आणि तिच्यावर त्याचं चिन्ह. मतदाराने कोरी मतपत्रिका घेऊन आडोशामागे जायचं आणि हव्या त्या पेटीत टाकायची. लिहायचं काहीच नाही. सुमारे २० लाख पेट्या लागल्या. त्यांतल्या पुष्कळशा मुंबईला विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या. बर्फ पडण्याआधी मतदान उरकावं म्हणून हिमाचलातल्या चिनी तालुक्यात ऑक्टोबर १९५१ मध्येच पहिली मतं पडली. मतदारयाद्या करताना लाखो स्त्रियांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही, ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढंच सांगितलं. सेन यांनी अशा नोंदी स्वीकारल्या नाहीत. त्यामुळे सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीत राहिली नाहीत. निर्णय कठोर होता. पण मत व्यक्तीचं असतं, नात्याचं नाही, हे तत्त्व त्यातून पक्कं झालं आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत बऱ्याच स्त्रियांची नावं नोंदली गेली.

पेट्यांच्या पद्धतीत एक भोक होतं. आडोशामागे गेलेल्या माणसाने पत्रिका पेटीत टाकलीच नाही, खिशात घालून बाहेर आणून विकली, तर? विकत घेणाऱ्याचा माणूस अशा दहा पत्रिका एकदम आपल्या पेटीत टाकू शकतो. म्हणून १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून एकच पेटी, सगळी नावं आणि चिन्हं असलेली मतपत्रिका आणि चिन्हावर उमटवायचा बाणफुलीचा रबरी शिक्का अशी पद्धत रूढ झाली.

त्या शिक्क्याचा आकार विज्ञान शिकवणाऱ्यांनी जरूर पाहावा. तो फिरवला तर तसाच दिसतो, पण त्याची आरशातली प्रतिमा त्याच्याशी जुळत नाही. घडी घातल्यावर ओल्या शाईचा ठसा दुसऱ्या नावावर उमटला, तर तो उलटा उमटतो. मोजणाऱ्याला खरा ठसा कोणता आणि घडीचा कोणता हे लगेच ओळखता येतं. साधी फुली असती तर हे जमलं नसतं. सममिती शिकवताना यापेक्षा चांगलं उदाहरण क्वचित मिळेल.

बोटावरची शाईही अशीच. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं. त्वचेवरच्या मिठाशी त्याची क्रिया होऊन सिल्व्हर क्लोराइड तयार होतं, प्रकाशात ते काळं पडतं आणि साबणाने निघत नाही. ती त्वचा झडून नवी येईपर्यंत खूण राहते. राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या सूत्रानुसार ही शाई १९६२ पासून म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात तयार होते. शाई आणि आडोसा यांची कामं एकमेकांना पूरक आहेत. मत *दिलं* हे सगळ्यांना दिसायला हवं. मत *कुणाला* दिलं हे कुणालाच दिसता कामा नये.

पावती का देत नाहीत?

वर्गात हमखास येणारा प्रश्न आहे: यंत्रात चिठ्ठी छापली जाते, काचेतून सात सेकंद दिसते आणि खाली पडते. ती आपल्या हातात का देत नाहीत? दुकानात पावती मिळते, बँकेत मिळते, मग इथेच का नाही?

याचं उत्तर या साऱ्या इतिहासाचं सार आहे. पावती हातात आली, की ती दुसऱ्याला दाखवता येते. दाखवता आली, की विकता येते. आणि जो विकणार नाही त्याच्याकडून धमकावून मागता येते. म्हणजे गुप्तता हा नुसता हक्क असून भागत नाही. ‘मला वाटलं तर मी दाखवीन’ अशी सवलत ठेवली, तर न दाखवणारा संशयित ठरतो. मतदाराला स्वतःची इच्छा असली तरी मताचा पुरावा देता येऊ नये, तेव्हाच तो मोकळा असतो. मतपत्रिकेवर ओळखीची खूण केली तर ती बाद का होते आणि केंद्रात मोबाइल का चालत नाही, हेही यातूनच कळतं.

पुरावा मिळवायच्या युक्त्याही विलक्षण आहेत. इटलीत पक्षाला मत देताना त्याच्या यादीतले तीन-चार पसंतीचे उमेदवारही निवडता येत. यादीत २० नावं असली, तर तीन नावं क्रमाने २० × १९ × १८ म्हणजे ६,८४० प्रकारे लिहिता येतात. गुंडांच्या टोळ्या प्रत्येक मतदाराला वेगळी जुळणी नेमून देत आणि मोजणीच्या वेळी ती आली का ते पाहत. मतपत्रिकेवर नाव नसूनही सही होती! १९९१ मध्ये इटलीत सार्वमत घेऊन पसंती एकावर आणण्यात आली.

आपल्याकडेही असे दुवे शोधून बंद करावे लागले. कुणालाच मत द्यायचं नसेल, तर पूर्वी तसं केंद्राध्यक्षाला सांगून नोंदवहीत लिहावं लागे. म्हणजे त्या माणसाची गुप्तता गेलीच. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१३ मध्ये यंत्रावरच ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण द्यायला सांगितलं, ते मुख्यतः याच कारणासाठी.

एक दुवा मात्र उघडाच आहे. मतपत्रिका होत्या तेव्हा अनेक केंद्रांच्या पत्रिका एकत्र मिसळून मोजता येत. यंत्रात प्रत्येक केंद्राची बेरीज वेगळी कळते. छोट्या वस्तीचं एकच केंद्र असलं, तर तिथल्या माणसांनी कुणाला मतं दिली हे निकालाच्या दिवशी जाहीर होतं. ‘तुमच्या वाडीने मतं दिली नाहीत, आता पाणी मागू नका’ असं म्हणणाऱ्याच्या हाती पुरावा येतो. अनेक यंत्रांची बेरीज एकत्र करणारं उपकरण वापरावं असं निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवलं, विधी आयोगानेही २०१५ मध्ये तीच शिफारस केली. केंद्र सरकारने ती मानली नाही. केंद्रवार आकडे असले तर गैरप्रकार शोधायला सोपं जातं, असंही काहीजण म्हणतात, आणि त्यातही तथ्य आहे. मत झाकायचं आणि मोजणी उघडी ठेवायची, या दोन्हींचा मेळ घालताना अशी ओढाताण होतेच.

वर्गात करून पाहा

आपल्या राज्यातलं एक उदाहरण मुलांना जरूर सांगावं. गावातलं दारूचं दुकान बंद करण्यासाठी महाराष्ट्रात स्त्रियांचं गुप्त मतदान घेता येतं. चिन्हं दोनच: उभी बाटली आणि आडवी बाटली. गावातल्या एकूण स्त्री मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडली, तर दुकान बंद होतं. दुकानदाराच्या आणि घरातल्या पुरुषाच्या डोळ्यांदेखत हात वर करायचा असता, तर किती हात वर झाले असते?

वर्गप्रतिनिधीची निवड तीन वेळा, तीन पद्धतींनी घेऊन पाहा. आधी हात वर करून, मग घरून लिहून आणलेल्या चिठ्ठ्यांनी, शेवटी शाळेने दिलेल्या एकसारख्या मतपत्रिका आणि आडोसा वापरून. तिन्ही निकाल फळ्यावर शेजारी-शेजारी मांडा. मग मुलांचे दोन गट करा. एका गटाने तिसऱ्या पद्धतीतही लबाडी कशी करता येईल ते शोधायचं, दुसऱ्याने ती कशी अडवायची ते सांगायचं. प्रत्येक नियम लिहिताना तो कोणत्या लबाडीसाठी आहे हेही शेजारी लिहायला सांगा. तास संपेपर्यंत त्यांची एक छोटी मार्गदर्शक पुस्तिका तयार होईल. तिच्यातले बरेचसे नियम आपल्याला निवडणुकीच्या कामावरून ओळखीचे वाटतील.